उत्तर माहीत असलेल्या गणितापासून सुरुवात

एमडी, एमएस किंवा एमडीएस करणाऱ्या निवासी डॉक्टरचा थिसिस बहुतेक वेळा एकाच वाटेने जातो. आधी सिनॉप्सिस, मग एथिक्स कमिटीची मंजुरी, त्यानंतर ओपीडी आणि वॉर्डातून केसेस गोळा करण्याचा लांबलचक काळ आणि शेवटी मास्टर चार्ट. हा चार्ट एक्सेलमध्ये भरला जातो. सबमिशन तोंडावर आले की तो कुणा जाणकाराकडे ‘स्टॅट्स काढायला’ जातो आणि थोड्या दिवसांत तक्ते, रंगीत आलेख आणि पी-व्हॅल्यू घेऊन परत येतो. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक विचारतात, “ही टेस्ट इथे का लावली?” ज्याने रात्री जागून केसेस जमवल्या, त्याच्याकडेच या प्रश्नाचे उत्तर नसते.

ही परिस्थिती बदलता येते आणि त्यासाठी गणितात विशेष गती लागत नाही. ज्याला ईसीजी वाचता येतो, त्याला संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरने दिलेला निकालही वाचता येईल. अडचण शिकण्याच्या क्रमाची आहे. आपण सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडतो ते थेट स्वतःची माहिती घेऊन. पडद्यावर एक आकडा येतो आणि तो बरोबर आहे की चूक, हे ठरवायला आपल्याजवळ काहीच नसते. म्हणून सुरुवात उलट्या बाजूने करावी: ज्याचे उत्तर छापून आलेले आहे, असे उदाहरण घ्यावे, ते स्वतः सोडवावे आणि छापलेल्या उत्तराशी ताडून पाहावे. जुळले तर पुढे जावे. नाही जुळले, तर का जुळले नाही हे शोधताना जेवढे शिकायला मिळते, तेवढे कुठल्याही कार्यशाळेत मिळत नाही.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, यावर फार वेळ घालवू नये. एसपीएसएस १९६८ साली सामाजिक शास्त्रांसाठी तयार झाले. आज ते आयबीएमच्या मालकीचे आहे आणि आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत सर्वाधिक परिचयाचे आहे. स्टाटा १९८५ पासून आहे आणि साथरोगशास्त्रात त्याला मान आहे. सॅस औषध कंपन्यांच्या क्लिनिकल ट्रायल्समध्ये चालते. या तिन्हींना पैसे पडतात. संस्थेकडे परवाना असेल तर जरूर वापरावीत, पण पेन ड्राइव्हवरून फिरणारी कुलूप तोडलेली प्रत वापरू नये. रुग्णांची माहिती असलेल्या संगणकात असे काही घालणे धोक्याचे आहे आणि त्याची आता गरजही उरलेली नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी नव्वदच्या दशकात ‘आर’ ही भाषा तयार केली. ती पूर्णपणे मोफत आहे आणि जगभरचे संख्याशास्त्रज्ञ नव्या पद्धती आधी तिच्यात आणतात. तिच्यात मात्र आज्ञा टाइप कराव्या लागतात, म्हणून नवखा माणूस बिचकतो. त्याच्यासाठी ‘जामोवी’ आहे. समोर एक्सेलसारखा तक्ता, वर मेनू आणि आत चालणारी यंत्रणा आरची. तेही मोफत. माझा सल्ला असा: जामोवीत हात बसवावा आणि मग आरकडे वळावे.

आता उदाहरण. ३० ऑक्टोबर १९४८ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने फुफ्फुसाच्या क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष छापले. महायुद्ध नुकतेच संपले होते आणि हे औषध फार थोडे मिळत होते. सगळ्यांना पुरणार नव्हते. त्यामुळे काहींना औषध आणि पूर्ण विश्रांती, तर काहींना त्या काळची नेहमीची पूर्ण विश्रांती, अशी तुलना करणे नैतिकदृष्ट्याही शक्य झाले. कोणता रुग्ण कुठल्या गटात जाईल, हे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक संख्यांच्या आधारे ठरवून बंद पाकिटांत ठेवले होते. एक्स-रे वाचणाऱ्यांना रुग्ण कुठल्या गटातला आहे हे सांगितलेले नव्हते. औषधाच्या गटात ५५ रुग्ण होते, विश्रांतीच्या गटात ५२. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले आणि दुसऱ्यातले १४.

एवढ्या आकड्यांवर शिकण्यासारखे पुष्कळ आहे. जामोवी उघडून तीन स्तंभ करावेत: उपचार, निकाल आणि संख्या. चार ओळी भराव्यात. औषध–मृत्यू ४, औषध–जिवंत ५१, विश्रांती–मृत्यू १४, विश्रांती–जिवंत ३८. वरच्या मेनूत ‘फ्रिक्वेन्सीज’मध्ये जाऊन दोन स्वतंत्र गटांसाठीची काय-स्क्वेअर टेस्ट निवडावी. उपचार ओळींच्या चौकटीत ओढावा, निकाल स्तंभांच्या आणि संख्या ‘काउंट्स’च्या. उजवीकडे लगेच उत्तर येते: काय-स्क्वेअर ७.३८, पी-व्हॅल्यू ०.००७.

इथे थांबून वही काढावी. हे ७.३८ आले कुठून? दोन्ही गटांत मिळून १०७ रुग्ण, त्यांपैकी १८ दगावले. औषधाने काहीच फरक पडत नसता, तर या १८ मधले किती ५५ जणांच्या गटात यायला हवे होते? ५५ गुणिले १८ भागिले १०७, म्हणजे ९.२५. प्रत्यक्षात आले ४. फरक ५.२५. विश्रांतीच्या गटात ८.७५ अपेक्षित होते, आले १४. फरक तेवढाच. जिवंत राहिलेल्यांच्या दोन चौकटींतही फरक तोच निघतो. आता प्रत्येक चौकटीत फरकाचा वर्ग करायचा आणि त्या चौकटीच्या अपेक्षित संख्येने भागायचे. येतात २.९८२, ३.१५४, ०.६०३ आणि ०.६३८. बेरीज ७.३८. सॉफ्टवेअर आत हेच करते. हा हिशेब कॅल्क्युलेटरवर एकदा केला की पडद्यावरचा आकडा परका राहत नाही. दर वेळी असे करायचे कारण नाही, पण प्रत्येक नव्या टेस्टची ओळख अशीच, एकदा हाताने, करून घ्यावी.

आणि पी-व्हॅल्यू? औषधाचा काहीच परिणाम होत नाही असे गृहीत धरले, तर केवळ पाकिटांतल्या वाटणीच्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता हजारात सुमारे सात. तिचा अर्थ इतकाच आहे. ‘औषध निरुपयोगी असण्याची शक्यता ०.००७’ असा तो नाही. ‘औषध ९९.३ टक्के गुणकारी’ असा तर मुळीच नाही. औषधाने किती फायदा झाला याबद्दल पी-व्हॅल्यू काहीच बोलत नाही.

आता हेच चार आकडे आरमध्ये घालू. एका ओळीत चार आकड्यांचा मॅट्रिक्स बनवायचा, दुसऱ्या ओळीत त्यावर काय-स्क्वेअर टेस्टची आज्ञा चालवायची. उत्तर येते: ६.०४ आणि पी-व्हॅल्यू ०.०१४. माहिती तीच, टेस्ट तीच आणि उत्तर वेगळे. अनेक जण इथे घाबरून सॉफ्टवेअर बंद करतात. पण चूक कुणाचीच नाही. दोन बाय दोनच्या तक्त्यात आर आपण न सांगता येट्सची दुरुस्ती लावते, म्हणजे वर्ग करण्याआधी फरकातून अर्धा वजा करते. ५.२५ चे ४.७५ होतात आणि बेरीज ६.०४ वर येते. ती दुरुस्ती बंद करा असे आज्ञेत लिहिले की आरही ७.३८ च दाखवते. जामोवीत दुरुस्तीसाठी वेगळी खूण करावी लागते. एसपीएसएस दोन्ही उत्तरे एकाखाली एक छापून मोकळे होते आणि विद्यार्थी बहुधा त्यांतले सोयीचे उचलतो. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असे काही निर्णय आधीच घेऊन ठेवलेले असतात. ते कोणते, हे पाहण्याची सवय लागली की शिकण्याचा अवघड भाग संपला असे समजावे.

याच तक्त्यात आणखी एक गैरसमज दूर करता येतो. ‘एखाद्या चौकटीत पाचपेक्षा कमी संख्या असेल तर काय-स्क्वेअर चालत नाही, फिशरची टेस्ट लावावी’ असे सर्रास सांगितले जाते. आपल्या तक्त्यात ४ आहेत, मग फिशर लावायची का? नियम अपेक्षित संख्येबद्दल आहे, दिसलेल्या संख्येबद्दल नाही. आपली सर्वांत लहान अपेक्षित संख्या ८.७५ आहे. काय-स्क्वेअर इथे व्यवस्थित चालते. जामोवीत अपेक्षित संख्या दाखवण्याची सोय आहे. ती दर वेळी सुरू ठेवावी.

आता टक्के. मेनूत ओळींचे टक्के आणि स्तंभांचे टक्के अशा दोन खुणा असतात आणि थिसिसमध्ये सर्वाधिक गोंधळ इथेच दिसतो. औषध घेतलेल्या ५५ पैकी ४ म्हणजे ७ टक्के. दगावलेल्या १८ पैकी ४ म्हणजे २२ टक्के. दोन्ही आकडे खरे, पण आपल्या प्रश्नाचे उत्तर पहिला देतो: औषध मिळालेल्यांत किती टक्के दगावले आणि न मिळालेल्यांत किती? ७ आणि २७. ज्या गटांची तुलना करायची, त्या प्रत्येक गटाची बेरीज शंभर टक्के व्हायला हवी. सॉफ्टवेअरला आपला प्रश्न माहीत नसतो. आपण खूण करू ते टक्के ते देते.

फायदा किती, हे सांगणारे आकडे वेगळे मागावे लागतात. ७.३ टक्क्यांना २६.९ टक्क्यांनी भागले की सापेक्ष जोखीम मिळते: ०.२७. औषधाच्या गटात मृत्यूची जोखीम विश्रांतीच्या गटाच्या साधारण पाव होती. तिची ९५ टक्के विश्वासमर्यादा ०.१० ते ०.७७. या दोन टोकांकडे नीट पाहावे. खरा परिणाम मृत्यू नव्वद टक्क्यांनी घटवण्याइतका मोठा असू शकतो किंवा जेमतेम पाव भागाने घटवण्याइतका लहान. १०७ रुग्णांच्या अभ्यासातून याहून नेमके सांगता येत नाही आणि हा प्रामाणिकपणा एकट्या पी-व्हॅल्यूत कधीच दिसत नाही. वजाबाकी केली तर फरक १९.७ टक्के बिंदूंचा. म्हणजे साधारण पाच रुग्णांना औषध दिले की सहा महिन्यांत एक मृत्यू टळतो. रुग्णाच्या नातेवाइकांना समजेल असा आकडा हाच.

त्याच मेनूत ‘ऑड्स रेशो’ही मागता येतो. तो येतो ०.२१. सापेक्ष जोखीम ०.२७, ऑड्स रेशो ०.२१. कारण पहिल्यात ५५ पैकी ४ असा हिशेब आहे, दुसऱ्यात ५१ जिवंतांसमोर ४ मृत असा. घटना दुर्मीळ असेल तर दोन्ही जवळ येतात, नसेल तर लांब जातात. पुढे लॉजिस्टिक रिग्रेशन शिकाल तेव्हा सॉफ्टवेअर ऑड्स रेशोच देईल. त्याला ‘इतक्या पट जोखीम’ असे लिहिण्याचा मोह आवरावा.

या चाचणीत सहा महिन्यांनंतरच्या एक्स-रेवरून रुग्णांची सहा पायऱ्यांवर वर्गवारीही केली होती. लक्षणीय सुधारणा औषधाच्या गटात २८ जणांत, विश्रांतीच्या गटात ४. थोडी किंवा मध्यम सुधारणा १० आणि १३. फरक नाही २ आणि ३. थोडी किंवा मध्यम घसरण ५ आणि १२. लक्षणीय घसरण ६ आणि ६. मृत्यू ४ आणि १४. आपण संगणकात मृत्यूला १ आणि लक्षणीय सुधारणेला ६ असे क्रमांक देतो. सॉफ्टवेअरला ते नुसते अंक दिसतात. सरासरी मागितली तर ते तत्परतेने ४.६७ आणि ३.१३ अशी उत्तरे देईल. पण मृत्यू आणि लक्षणीय घसरण यांच्यातले अंतर ‘फरक नाही’ आणि ‘थोडी सुधारणा’ यांच्यातल्या अंतराइतकेच असते का? नाही. हे अंक क्रम सांगतात, माप सांगत नाहीत. इथे मध्यक पाहावा. तो औषधाच्या गटात ६ येतो, विश्रांतीच्या गटात ३. तुलनेसाठी मान–व्हिटनी टेस्ट लावावी. जामोवीत प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर तो कुठल्या प्रकारचा आहे हे सांगण्याची सोय असते: नुसती नावे, क्रम असलेली नावे की खरे माप. अनेक जण ती जागा न पाहताच पुढे जातात. कुठली टेस्ट लावायची याचा अर्धाअधिक निर्णय त्या जागेवर होतो. वेदनेचा स्कोअर, समाधानाची पाच पायऱ्यांची प्रश्नावली, कर्करोगाची स्टेज, सगळीकडे हीच गोष्ट.

ज्यांना प्रत्येक रुग्णाची वेगळी ओळ असलेली माहिती हवी, त्यांच्यासाठी आरमध्ये ‘मेडिकलडेटा’ नावाचे मोफत पॅकेज आहे. त्यात या चाचणीचे १०७ रुग्ण १०७ ओळींत मिळतात. वर सांगितलेला प्रत्येक आकडा तिथून पुन्हा काढून पाहावा.

चाचणीबद्दल एक शेवटची गोष्ट सांगायला हवी. सहा महिन्यांत दिसलेला हा मोठा फरक पाच वर्षांच्या पाठपुराव्यात बराच कमी झाला, कारण एकट्या औषधाला जंतू दाद देईनासे झाले. त्यातूनच क्षयावर एकापेक्षा जास्त औषधे एकत्र देण्याची गरज पुढे आली. ०.००७ हा आकडा पहिल्या सहा महिन्यांपुरता खरा होता आणि आजही आहे. त्यापलीकडच्या काळाबद्दल तो काही सांगू शकत नव्हता.

आता स्वतःचा मास्टर चार्ट. विश्लेषणाला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ हा चार्ट स्वच्छ करण्यात जातो. काळजी भरतानाच घेतली तर तो वाचतो. एका ओळीत एक रुग्ण, एका स्तंभात एकच गोष्ट. ‘१३०/८०’ असा रक्तदाब एका चौकटीत लिहिला की सॉफ्टवेअरसाठी तो मजकूर होतो. वरचा आणि खालचा वेगळ्या स्तंभांत लिहावा. हिमोग्लोबिनच्या चौकटीत नुसता अंक असावा, त्यापुढे ‘ग्रॅम’ नको. एकक स्तंभाच्या नावात लिहावे. बालरोग विभागात ‘४ महिने’ आणि ‘३ वर्षे’ एकाच स्तंभात येतात. तिथे सगळ्यांचे वय महिन्यांत लिहिणे बरे. लिंगाच्या स्तंभात कुणी ‘पुरुष’, कुणी ‘पु.’, कुणी ‘मेल’ लिहिले तर सॉफ्टवेअर त्यांना तीन वेगळे गट मानते. शब्दामागे चुकून राहिलेली मोकळी जागासुद्धा वेगळा गट तयार करते. गावपातळीवर आशाताईंनी किंवा फील्ड वर्करनी मराठी फॉर्म भरले असतील, तर काही अंक देवनागरीत टाइप झालेले असतात. माणसाला ते सहज वाचता येतात, पण आर त्या चौकटीला अंक मानत नाही. त्यामुळे माहिती भरायला सुरुवात करण्यापूर्वीच एक कोडबुक तयार करावे: प्रत्येक स्तंभाचे नाव, त्याचा अर्थ, एकक आणि चालणाऱ्या किमती.

माहिती मिळाली नाही तर काय लिहायचे, हेही आधी ठरवावे. जुन्या पद्धतीत ९९९ लिहीत. ते सॉफ्टवेअरला सांगायचे राहून गेले तर काय होते पाहा. पन्नास रुग्ण आहेत, एकोणपन्नास जणांचे सरासरी वय ४० आणि एकाच्या चौकटीत ९९९. सरासरी वय येते ५९. हा आकडा अशक्य वाटत नाही, म्हणूनच तो थिसिसमध्ये छापून जाऊ शकतो. चौकट रिकामी ठेवणे उत्तम, पण रिकामी म्हणजे शून्य नव्हे, हे भरणाऱ्या प्रत्येकाला सांगावे. विश्लेषणाआधी प्रत्येक स्तंभाची सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी किंमत पाहावी आणि एक हिस्टोग्राम काढावा. ९९९ तिथे लगेच दिसतो.

तारखांबाबत एक्सेलवर विसंबू नये. ०५/०७/२०२४ म्हणजे ५ जुलै की ७ मे, हे संगणकाच्या सेटिंगवर ठरते. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे लिहिले की वाद उरत नाही. एक्सेलने जनुकांच्या नावांचे तारखांत रूपांतर करण्याचा त्रास तर इतका झाला की, २०२० मध्ये मानवी जनुकांना नावे देणाऱ्या समितीने ‘सेप्ट१’सारखी नावेच बदलली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद काही दिवस रोजच्या आकडेवारीत आलीच नाही. माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फायलींत साठवली जात होती, त्यात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत आणि उरलेल्या ओळी गळून गेल्या. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना वेळेवर कळवता आले नाही. थिसिसला एक्सेल चालते. मोठ्या किंवा अनेक ठिकाणी चालणाऱ्या अभ्यासासाठी मात्र रेडकॅप किंवा कोबोटूलबॉक्ससारखी साधने घ्यावीत. त्यांत हिमोग्लोबिन ९८ असे टाइप केले की ते तिथल्या तिथे अडवता येते.

मूळ फाइलला कधी हात लावू नये. तिची एक प्रत बाजूला ठेवावी आणि सगळे बदल लिहिलेल्या आज्ञांतून करावेत. आरमध्ये ही स्क्रिप्ट असते, स्टाटात डू-फाइल, एसपीएसएसमध्ये सिंटॅक्स. एसपीएसएसच्या खिडकीत ‘ओके’च्या शेजारी ‘पेस्ट’ नावाचे बटण असते. ते दाबले की मेनूतून निवडलेल्या गोष्टी आज्ञांच्या रूपात लिहून मिळतात. जामोवीत सिंटॅक्स मोड सुरू केला की प्रत्येक निकालाच्या वर आरची आज्ञा दिसू लागते आणि आर शिकायचा तो उत्तम दरवाजा आहे. गाईड सरांनी थिसिस वाचून “हे तीन पेशंट वगळून पुन्हा करा” म्हटले, तर मेनूवाल्याला सगळे पहिल्यापासून करावे लागते. स्क्रिप्टवाला एक ओळ बदलतो. शिवाय मीच सहा महिन्यांपूर्वी काय केले होते, हे मला त्या फाइलमधूनच कळते.

आज बरेच जण आरची आज्ञा चॅटबॉटकडून लिहून घेतात. घ्यावी, त्याने भीती कमी होते. पण ती आज्ञा आधी स्ट्रेप्टोमायसिनच्या आकड्यांवर चालवावी. ०.२७ आणि ७.३८ आले तरच आपल्या माहितीवर वापरावी. आणि रुग्णांची नावे, नोंदणी क्रमांक, फोन नंबर असलेली फाइल अशा कुठल्याही साधनात घालू नये. एथिक्स कमिटीला गोपनीयतेचे वचन आपण दिलेले असते.

पहिले उदाहरण हाताखालून गेले की दुसरे मोठे घ्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, म्हणजे एनएफएचएस, मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून होते. २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत ६,३६,६९९ कुटुंबे आणि १५ ते ४९ वयाच्या ७,२४,११५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. ओळख पटणार नाही अशा रूपात ही माहिती संशोधकांना अर्ज करून मिळण्याची पद्धत आहे. या वयाच्या ५७.० टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे अहवालात छापले आहे. महाराष्ट्रासाठी हा आकडा ५४.२ टक्के. आपल्याला हाच आकडा काढायचा आहे.

साधे टक्के काढले तर तो नेमका जुळत नाही. कारण लहान राज्यांबद्दलही खात्रीने बोलता यावे म्हणून तिथून लोकसंख्येच्या मानाने जास्त स्त्रिया निवडलेल्या असतात. देशाचा आकडा काढताना त्यांचे वजन कमी करावे लागते. फाइलमध्ये प्रत्येक स्त्रीचे वजन दिलेले असते, पण ते दशांशचिन्हाशिवाय लिहिलेले असते. त्याला आधी दहा लाखांनी भागायचे. राज्याच्या आकड्यासाठी वेगळे वजन आहे. शिवाय गर्भवतींसाठी रक्तक्षयाची सीमा ११ ग्रॅम, इतर स्त्रियांसाठी १२. विश्वासमर्यादा हव्या असतील तर एकाच गावातल्या किंवा वस्तीतल्या स्त्रिया एकमेकींसारख्या असतात, हेही सॉफ्टवेअरला सांगावे लागते. आरमध्ये त्यासाठी ‘सर्व्हे’ नावाचे पॅकेज आहे, स्टाटात ती सोय मुळातच आहे. ५७.० हा आकडा ज्या दिवशी आपल्या पडद्यावर येतो, त्या दिवशी सर्वेक्षणाची माहिती हाताळता येऊ लागली असे खुशाल समजावे.

सॅम्पल साइझ ही खरे तर पहिली पायरी, सिनॉप्सिसमध्येच विचारली जाणारी. पण आकड्यांशी ओळख झाल्यावर ती जास्त कळते. ओपनएपी किंवा जी-पॉवरमध्ये चार गोष्टी भरायच्या: एका गटातले अपेक्षित प्रमाण, दुसऱ्यातले, चुकीच्या निष्कर्षाची किती जोखीम चालेल (बहुधा ५ टक्के) आणि खरा फरक सापडण्याची किती खात्री हवी (बहुधा ८० टक्के). २७ आणि ७ टक्के भरले तर नेहमीच्या सूत्राने प्रत्येक गटात सुमारे ५२ रुग्ण लागतात. आता ७ च्या जागी १७ भरून पाहावे. एकदम २६६ लागतात. फरक निम्मा झाला आणि रुग्ण पाचपट लागले. ‘आमच्या विभागात साठ केसेस मिळतात, म्हणून सॅम्पल साठ’ असे लिहिणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. साठ केसेसमध्ये लहान फरक सापडणारच नाही. मग ‘फरक नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि फायद्याचा उपचार मागे पडतो. सॉफ्टवेअरनुसार उत्तर थोडे इकडेतिकडे होते, कारण सूत्रे वेगवेगळी आहेत. म्हणून कोणते सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती आणि कोणते आकडे भरले, हे सिनॉप्सिसमध्ये लिहावे.

पीजी विद्यार्थ्यांना बीसीबीआर हा राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा ऑनलाइन अभ्यासक्रम करावाच लागतो. त्यात अभ्यासाची आखणी चांगली शिकवली आहे. परीक्षेपुरता न उरकता, त्याचे धडे ऐकताना शेजारी जामोवी उघडे ठेवावे.

आणि संख्याशास्त्रज्ञाकडे जावे. स्वतः शिकलो म्हणून त्यांची गरज संपत नाही, उलट आता त्यांच्याशी बोलता येते. पीएसएम विभागातल्या बायोस्टॅटिस्टिक्सच्या मॅडम किंवा सर यांच्याकडे पहिली केस घेण्याआधी जावे. सोबत प्रोफॉर्मा, कोडबुक, एका वाक्यात लिहिलेला संशोधनाचा प्रश्न आणि निकालाचे रिकामे तक्ते न्यावेत. ओळींची नावे भरलेली, स्तंभांची नावे भरलेली, फक्त आकड्यांच्या जागा मोकळ्या. ते तक्ते पाहूनच त्यांना सांगता येईल की प्रोफॉर्मात कोणता प्रश्न विचारायचा राहून गेला आहे.